भीमाप्पा सरांचा न दुखणारा गुडघा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. तुमच्या शाळेत एक शिपाई आहे. तास संपला की घंटा द्यायची, एवढंच त्याचं काम, आणि वर्षानुवर्षं तो ते चोख करत आलाय. एक दिवस त्याला काय होतं कोण जाणे, तास सुरू होतो न होतो तोच तो घंटा बडवायला लागतो. गुरुजींनी खडू उचलला, की घंटा. हजेरीचं पहिलं नाव घेतलं, की घंटा. तुम्ही धावत बाहेर जाता, सुट्टी झालेलीच नसते. परत येऊन बसता, तर पुन्हा घंटा. पहिल्या दिवशी तुम्हाला मजा वाटेल. दुसऱ्या दिवशीही वाटेल, तुम्हाला मी ओळखतो. पण असंच महिनोन्‌महिने चाललं तर?

उघडा डोळे. ही शाळा म्हणजे निपाणीचे भीमाप्पा सर, आणि तो घाईचा शिपाई म्हणजे त्यांच्या पोटातली लघवीची पिशवी. हसू आलं असेल तर आत्ताच हसून घ्या. लघवी सगळ्यांनाच लागते, तहसीलदारांना लागते, तुमच्या मुख्याध्यापकांनाही लागते. झालं हसून? मग ऐका.

भीमाप्पा सर मराठी शाळेतून निवृत्त झाले होते, पण गावानं त्यांना निवृत्त केलं नव्हतं. भाजी घ्यायला गेले तरी भाजीवाला उभा राहायचा. शनिवारच्या शेवटच्या तासाला सर गोष्ट सांगत, आणि त्या तासाचा एक नियम होता. कुणाला लघवीला जायचं असेल तर त्यानं करंगळी वर करायची. विचारायचं नाही, लाजायचं नाही, उठून जायचं. तो परत येईपर्यंत सर गोष्ट थांबवत. राक्षस झाडावर चढत असला तर तिथंच लटकत राही. आणि मुलगा परत येऊन बसला की सर एक वाक्य मागं जाऊन गोष्ट पुन्हा सुरू करत, म्हणजे त्याचा धागा सुटायचा नाही. "अर्धी ऐकलेली गोष्ट चपलेतल्या खड्यासारखी टोचती," असं ते म्हणत.

असा नियम करणाऱ्या माणसाला स्वतःची करंगळी वर करायला मात्र भयंकर लाज वाटत होती. आमच्या गोष्टीतली सगळी भानगड ह्या लाजेतून झाली.

सुरुवात एका गॅदरिंगला झाली. सरांचा मुलगा दीपंकर आणि सून सुविधा दोघं नोकरीला, त्यामुळं नात यशोधरा दिवसभर आबांजवळ असायची. गॅदरिंगला तिचं भाषण होतं. ती स्टेजवर आली, नमस्कार केला, आणि सर उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा टाळ्या चालू होत्या. सरांनीही जोरात टाळ्या वाजवल्या.  घरी येताना कोपऱ्यावर आल्यावर यशोधरा म्हणाली, "आबा, माझं भाषण तुम्हाला आवडत न्हाय व्हय?"

सरांनी तिचा हात धरला.

"आता कथाकथनाची स्पर्धा हाय," ती म्हणाली. "मोठ्या हॉलमधी. तुम्ही पुढं बसायचं. आणि माझी गोष्ट पुरी ऐकायची."

"ऐकणार," सर म्हणाले. शब्द दिला. तो पाळायचा म्हणजे त्याआधी शिपायाचा बंदोबस्त करायला हवा होता.

दुसऱ्याच दिवशी ते उत्साहानं गावातल्या डॉक्टरकडं गेले. मुलांनो, खरं सांगायचं तर सरांना मजाच वाटत होती. एखादं गणित सुटायच्या बेतात असलं की होतं ना, तसं. बाकावर बसतात तोच शेजारचे परशराम आप्पा कमरेवर हात ठेवून आत आले. आप्पांची पाठ गेली दोन वर्षं दुखत होती आणि ती सगळ्या निपाणीला माहीत होती. एस.टी. नको, देवळात बसणं नको, लग्नात पंगत नको, कारण पाठ.

"काय सर, हितं कसं?" आप्पांनी विचारलं. "काय होतंय?"

बाकावरची सगळी डोकी सरांकडं वळली. त्यातली निम्मी त्यांनी शिकवलेली होती. सरांच्या समोर भिंतीवर एका सांगाड्याचं चित्र होतं.

"गुडघा," सर म्हणाले.

बस्स. एवढा एक शब्द. सर डॉक्टरांना न भेटताच घरी परतले, पण गुडघा त्यांच्याआधी घरी पोचला होता. सरांच्या बायको तानीबाई दारातच निर्गुडीचा पाला घेऊन उभ्या होत्या. "मला सांगायला काय झालतं? परशराम भावजींकडनं कळायचं व्हय मला?"

संध्याकाळपर्यंत बुद्धविहारातल्या बायका येऊन गुडघा बघून गेल्या. एकीनं एरंडेल सांगितलं, एकीनं मिठाचा शेक सांगितला. परशराम आप्पांनी सदलग्याच्या एका माणसाकडचं तेल आणलं. त्याचा वास असा होता की गल्लीतलं कुत्रं सरांकडं बघून दोन घरं लांबून जायला लागलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला चहा. आजाऱ्यानं सोबत घेतला नाही तर पाहुण्याला वाईट वाटतं, म्हणून सरांनाही चहा. आता चहा पोटात गेल्यावर शिपाई गप्प बसेल का, तुम्हीच सांगा.

त्यात तानीबाईंनी फर्मान काढलं, गुडघ्याला चाल नको. सरांची खाट मागच्या खोलीतून पुढच्या सोप्यात आली. मागची खोली संडासाच्या दाराला लागून होती. पुढचा सोपा म्हणजे घराचं दुसरं टोक. आधी सर चार ढांगांत पोचायचे, आता सगळं घर ओलांडायचं, तेही लंगडत. मुलांनो, घाईची लागली असताना लंगडत जाऊन बघा एकदा. जगात याच्याइतकी अवघड कसरत नाही. मन पुढं पळतंय, पाय नाटक करतोय, आणि वाटेत तानीबाई म्हणताहेत, "सावकाश, सावकाश."

यशोधरा दारात बसून हे बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं हळूच विचारलं, "आबा, काल डावा दुखत हुता न्हवं?"

सर थबकले. उजवा पाय ओढत होते. "आज दोन्ही," ते म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. पण पोरगी सरांची नात होती. खोटं उत्तर ऐकून ती गप्प बसली असली, तरी तिनं ते मान्य केलेलं नव्हतं.

निपाणीत आता कुठल्याच डॉक्टरकडं जायची सोय उरली नव्हती. सरांनी बेळगावला जायचं ठरवलं. तिथं कोण ओळखतंय? घरी सांगितलं, गुडघ्याचा मोठा डॉक्टर आहे. स्टँडवर विनाथांबा गाडी लागली होती. सरांनी ती जाऊ दिली.

"सर, हीत बसा की," कंडक्टर ओरडला. "लवकर पोचशीला."

"मला लवकर पोचायचं न्हाय," सर म्हणाले आणि त्यांनी मागून येणारी, प्रत्येक स्टँडात शिरणारी गाडी धरली. संकेश्वरला उतरले, हत्तरगीला उतरले, यमकनमर्डीला उतरले. प्रत्येक ठिकाणी गुडघा दुखणारा माणूस असा काही पळत गेला आणि पळत आला की ड्रायव्हर कौतुकानं बघत राहिला. काकती मागं पडली तेव्हा सरांना एखादा गड जिंकल्यासारखं वाटलं.

दवाखाना मोठा होता. चिठ्ठीच्या खिडकीपुढं लांबलचक रांग. सरांनी मनात वाक्य घोटून ठेवलं होतं, अगदी हळू आवाजात, दोन शब्दांत सांगायचं. त्यांचा नंबर आला आणि खिडकीतला तरुण ताडकन उभा राहिला.

"सर, तुम्ही? ओळखलं का? मी समर्थ. शेवटच्या बाकावर बसायचो बघा."

तो खिडकीमागून धावत बाहेर आला, रांगेत सगळ्यांच्या देखत पाया पडला, आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय त्रास होतोय सर?"

रांगेनं कान दिला. सरांची दोन शब्दांची तयारी कोलमडली.

"गुडघा," सर म्हणाले.

पुढचं वादळासारखं झालं. समर्थनं चाकाची खुर्ची मागवली. सर "नको नको" म्हणेपर्यंत त्यांना तीत बसवलंही. खुर्ची निघाली. डावीकडं 'मूत्ररोग विभाग' अशी पाटी दिसली, सर आशेनं तिच्याकडं बघत राहिले, खुर्ची पुढं गेली. मग पुरुषांच्या संडासाची पाटी आली. सरांनी हात वर केला. समर्थला वाटलं सर कुणाला तरी ओळख देताहेत, त्यानंही हात केला, आणि खुर्ची आणखी जोरात गेली. वाटेत त्यानं सरांचा एक फोटोही काढला, जुन्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी. "सगळ्यास्नी काळजी वाटंल सर," तो म्हणाला, आणि त्याचं म्हणणं खरं ठरलं.

एक्स-रे झाला. हाडाच्या डॉक्टरांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "ह्या गुडघ्यांवर तुम्ही अजून डोंगर चढाल," ते म्हणाले. "दुखतात असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

बाहेर बोळात सरांनी समर्थचा हात धरला. आता मान जावो की राहो, शिपायानं शेवटची घंटा दिली होती.

"समर्थ, थांब. मला गुडघा न्हाय."

"हाय की सर. आत्ताच फोटो बघितला न्हवं."

"तसं न्हवं रं." आणि सरांनी त्याच्या कानात सगळं सांगितलं.

समर्थनं ऐकून घेतलं. हसला नाही. खुर्ची तिथल्या तिथं फिरवली, आधी संडासापाशी नेली, आणि मग त्या मघाच्या पाटीच्या दाराशी.

आत एक तरुण डॉक्टरबाई होत्या. बाई बघून सरांचा चेहरा पडला, तेवढ्यात त्या कानडीत म्हणाल्या, "बर्री सर, कूड्री," आणि समोरची खुर्ची दाखवली. मग मराठीत इतक्या साधेपणानं प्रश्न विचारू लागल्या, की सरांना वाटलं आपण पिशवीबद्दल नाही, पावसाबद्दल बोलतोय. केव्हापासून? दिवसातून कितीदा? आग होते का? रक्त दिसतं का? चहा किती?

शेवटच्या प्रश्नाला सर अडखळले. "पाहुण्यांबरोबरचा धरायचा का?"

तपासण्या झाल्या. रक्त झालं, लघवी झाली, सोनोग्राफी झाली. मग एक यंत्र आलं. वर नरसाळं, खाली यंत्र. पोट भरून पाणी प्यायचं, लागली की ह्या नरसाळ्यात करायची, धार कशी आहे ते यंत्र मोजतं. सरांनी तांब्यामागून तांब्या पाणी रिचवलं. आणि मुलांनो, काय सांगू, गेले कित्येक महिने उठता बसता घंटा देणारा तो शिपाई, इन्स्पेक्टर शाळेत आल्यासारखा चिडीचूप झाला. सर नरसाळ्यापुढं उभे. काही नाही. नळ सोडला. काही नाही.

"झालं का सर?" बाहेरून तपासणीवाला.

"घाई न्हाय सर," बाहेरून समर्थ. "मी हितंच हाय."

"तू तितं हायस म्हणूनच हुईना झालंय," आतून सर.

समर्थ पायऱ्या उतरून बागेत गेला, तेव्हा कुठं यंत्राला काम मिळालं.

सगळे कागद डॉक्टरबाईंच्या टेबलावर जमा झाले. सर निकालाच्या दिवशीच्या पोरासारखे टोकावर बसले होते.

"साखर नाही. जंतू नाहीत. खडा नाही. प्रोस्टेट वयाला शोभेल एवढीच आहे," बाई म्हणाल्या. "सगळं चांगलं आहे."

"मग मला काय झालंय?"

"त्रास खरा आहे सर. पिशवी भरायच्या आधीच इशारा देते. का देते, ते मला सापडलं नाही. पुष्कळांचं सापडत नाही."

सर दुखावले. जन्मभर त्यांनी पोरांना 'माहीत नाही' म्हणायला शिकवलं होतं, पण ते डॉक्टरनं म्हणावं हे त्यांना पटेना. आणि मग हळूहळू त्यांना गंमत वाटायला लागली. एवढी शिकलेली बाई, एवढी यंत्रं, आणि तरी सरळ म्हणतेय, सापडलं नाही. असला विद्यार्थी त्यांना आवडला असता.

"म्हणजे शिपाई घाईचा आहे," सर म्हणाले. "त्याला काढून टाकता येत नाही, शिकवायचं."

"अगदी तसंच," बाई हसल्या. "घंटा झाली की लगेच पळायचं नाही. बसायचं, श्वास घ्यायचा, थोडं थांबून मग जायचं. रोज जरासं जास्त थांबायचं. पाणी तोडू नका, चहा तोडा. एक गोळी देते. महिन्यानं परत या, पुन्हा बघू. आणि घरी सांगा. लपवलं की पळापळ वाढते."

सरांनी मान हलवली. वर्गात मागच्या बाकावरची पोरं हलवतात ना, तश्शी.

पण शिकवणं सरांचा धर्म. त्यांनी शिपायाला मन लावून शिकवायला घेतलं. घंटा झाली की खाटेवर बसून मनातल्या मनात एक कविता म्हणायची, मग उठायचं. पुढं दोन कविता. एक दिवस तर पूर्ण पाठ आठवेपर्यंत शिपाई थांबला आणि सर आनंदानं एकटेच हसत सुटले. सगळं शिकवून झालं होतं, फक्त घरी सांगायचं तेवढं राहिलं होतं. राहिलं ते राहिलंच. गुडघ्याचं कौतुक इतकं झालं होतं की तो आता कसा काढून घ्यायचा?

स्पर्धेचा दिवस उजाडला. सरांनी चहाला शिवलंसुद्धा नाही. हॉलमध्ये मागच्या दाराजवळची कडेची खुर्ची त्यांनी मनात हेरून ठेवली होती. पण दारातच समर्थ आणि त्याचा सगळा वर्ग उभा. बेळगावहून आलेले, कंग्राळीहून आलेले, खाऊनपिऊन पोट सुटलेले पुरुष. चाकाच्या खुर्चीचा फोटो त्यांच्या जिवाला लागला होता, आणि समर्थनं सरांचं गुपित इतकं कसोशीनं पाळलं होतं की खरं कुणालाच माहीत नव्हतं.

त्यांनी पुढच्या रांगेत बरोबर मधोमध सोफा मांडला होता. सोफ्यापुढं पाय ठेवायला स्टूल, स्टुलावर उशी. सरांना उचलूनच बसवलं. दोन्ही गुडघ्यांना नवे पट्टे बांधले. खांद्यावर शाल, डोक्यावर फेटा, मांडीवर नारळ. डावीकडं परीक्षक, उजवीकडं तानीबाई, पलीकडं परशराम आप्पा. सर एखाद्या मूर्तीसारखे पक्के बसवले गेले.

मग चहा आला. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून एक कप. "माझ्या हातचा घ्या सर." कुणाकुणाला नाही म्हणणार?

समर्थ खाली वाकला. "सर, चालंल न्हवं?" त्यानं कानात विचारलं.

"शिकवलंय त्याला," सर म्हणाले.

एक मुलगा झाला, एक मुलगी झाली. शिपायानं घंटा दिली. सरांनी कविता म्हटली. आणखी एक मुलगा झाला. सरांनी दुसरी कविता म्हटली. मग नाव पुकारलं गेलं, आणि यशोधरा स्टेजवर आली. तिनं पहिल्यांदा समोर पाहिलं. आबा जागेवर आहेत हे बघून तिचा चेहरा उजळला.

तिची गोष्ट बाजारातून हरवलेल्या म्हशीची होती. मालक गावभर शोधतोय, आणि म्हैस आपली एका बंद घराच्या दारात उभी. गोष्ट तिनं स्वतः रचली होती.  सर सगळं विसरून ऐकत होते, आणि तेवढ्यात शिपायानं असा टोल हाणला, की सरांच्या डोक्यातली तिसरी कविता पहिल्याच ओळीला पुसली गेली. त्यांनी श्वास घेतला. दातावर दात दाबले. आता उठलो तर पोरीला दिलेला शब्द मोडतो. न उठलो तर ह्या सोफ्यावर, ह्या फेट्यासकट, काय होईल ते सांगवत नाही.

"म्हशीनं शिंगानं दार ढकललं," यशोधरा सांगत होती, "आणि आत..."

सरांनी शालीतून हात बाहेर काढला. तिच्याकडं पाहिलं. आणि करंगळी वर केली.

यशोधरा थांबली. तिनं ती करंगळी पाहिली, आणि इतक्या दिवसांचा डावा-उजवा गुडघा तिला एका क्षणात उलगडला. तिनं मान हलवली. जा.

सरांनी स्टुलाला लाथ घातली, नारळ तानीबाईंच्या ओटीत टाकला, पट्टे बांधलेल्या गुडघ्यांनी परीक्षकांच्या पायांवरून उडी मारली आणि ते मधल्या वाटेनं पळत सुटले.

"अगं बया, गुडघा," तानीबाई म्हणाल्या.

"तेल लागू पडलं," परशराम आप्पा म्हणाले.

मागून सरांना परीक्षकांचा आवाज ऐकू आला, "बाळ, वेळ चाललाय, पुढं सांग." आणि त्यावर नातीचा आवाज, माईकमधून, स्वच्छ.

"एक जण लघवीला गेल्यात सर. त्यास्नी येऊ दे. तोवर गोष्ट पुढं जात न्हाय. आमच्या आबांचा नियम हाय."

"मार्क जातील."

"जाऊ देत."

 मग शेवटच्या बाकावर बसायची सवय असलेल्या समर्थनं करंगळी वर केली. त्याच्या शेजारच्यानं केली. पाठोपाठ साऱ्या हॉलभर, पांढऱ्या मिशांच्या, टकलांच्या, फेट्यांच्या वर करंगळ्या उगवल्या, आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला.

सर मोकळे होऊन बाहेर आले तर दारापाशी भली मोठी रांग. रांगेत सगळ्यांत पुढं परशराम आप्पा.

"तुम्ही, आप्पा?"

आप्पांनी इकडं तिकडं पाहिलं. "सर, मलाबी हेच हाय. दोन वर्षं झाली. पाठीचं आपलं लोकांस्नी सांगायला."

"आणि पाठ?"

"पाठ एकदम ठणठणीत हाय."

"सोमवारी बेळगावला जाऊया," सर म्हणाले. "सगळीकडं थांबणाऱ्या गाडीनं."

एकेक जण आत आला, एकेक खुर्ची भरली. सर सोफ्यावर येऊन बसले. तानीबाईंनी त्यांच्याकडं रोखून बघत त्यांच्या गुडघ्यांचे पट्टे सोडले आणि पिशवीत टाकले. त्या नजरेचं उत्तर घरी द्यावं लागणार होतं, पण ते आता देता येणार होतं.

स्टेजवर यशोधरा होती तिथंच, तशीच उभी होती. परीक्षकांनी केव्हाच घंटा वाजवली होती. तिनं सगळ्या हॉलवरून नजर फिरवली, दारातून शेवटचा माणूस येऊन बसेपर्यंत थांबली. मग आबांकडं बघून हसली, आणि एक वाक्य मागं जाऊन म्हणाली, "तर म्हशीनं शिंगानं दार ढकललं..."